सगळं रेंजमध्ये

20 सप्टेंबर 2023, तासगाव

ऋषिपंचमी, म्हणजे आमच्या गावाचा रथ. लॅब बाराला बंद करायची ठरवली होती, तरी तापाचे दोन पेशंट दारात उभे. त्यांचं रक्त घेतलं, सेंट्रीफ्यूज लावून ठेवलं आणि मग गेलो. अक्का, दाजी आणि त्यांची पोरगी बारकी मळ्यातून सकाळीच आले होते. रथ हलला, गुलाल उडाला, माणसांचा लोंढा मागे रेटला, आणि त्या रेट्यात कुणाचं तरी कोपर बारकीच्या पोटात बसलं. बरगड्या संपतात तिथे, मधोमध. पोर मटकन खालीच बसली.

घरी आणून पाणी दिलं. बायकोने लेप लावला. मला एवढंच वाटत राहिलं की कोपराने एवढं दुखत नाही. रात्री ताटावर बघितलं तर भाताचे चार घास खाऊन तिने ताट सारलं. अक्का म्हणाली, "चार महिनं ह्येच चाललंय बघ. जरा खाल्लं की पोट भरतंय म्हणती." सांगलीत एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्यात, तिसरं पाकीट चालू आहे. वजन पाच किलो उतरलं. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, कसलं डाएट करतेस गं.

23 सप्टेंबर

बारकीला सकाळी उपाशीपोटी बोलावून रक्त घेतलं. एक ईडीटीए, एक प्लेन. रजिस्टरला लिहिलं: वय 19, स्त्री. 'रेफर्ड बाय'च्या रकान्यात 'सेल्फ'.

हिमोग्लोबिन 11.2. प्लेटलेट 3 लाख 40 हजार. बिलिरुबिन 0.7. एसजीओटी 36, एसजीपीटी 39. अल्ब्युमिन 4.1. काविळीच्या बी आणि सी, दोन्ही निगेटिव्ह. हिमोग्लोबिन जरा कमी, पण आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मुलीचं तेवढंच असतं. बाकी सगळं रेंजमध्ये. अक्काला फोन करून सांगितलं, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे." बावीस वर्षं हे वाक्य रोज दहा वेळा बोलतो. ऐकणाऱ्याचा चेहरा सैल होतो, ते बघायला मलाही आवडतं.

26 सप्टेंबर

दुखणं थांबेना म्हणून सोनोग्राफी केली. लिव्हरच्या डाव्या भागात 11 सेंटिमीटरची गाठ.

अकरा. मी हाताची बोटं पसरून बघितली. संत्र्याहून मोठी गाठ त्या पोटात बसली होती आणि माझ्या कागदावर सगळं नॉर्मल. कोपराने काही केलं नव्हतं, गाठ आहे हे फक्त कळवलं होतं. पोट चार घासांत का भरायचं तेही कळलं: लिव्हरचा डावा भाग जठराच्या अंगावरच असतो, गाठ त्याला दाबत होती.

28 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी, त्यातच ईद. रस्ते तुंबलेले. आमच्या मॅडम (लॅब त्यांची, एमडी पॅथॉलॉजी) म्हणाल्या, एएफपी करून घे. आमच्याकडे ती होत नाही, म्हणून सिरम बर्फात घालून सांगलीच्या मित्राच्या लॅबमध्ये स्वतः घेऊन गेलो.

एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. गर्भातल्या बाळाची लिव्हर ते बनवते, जन्मानंतर बंद होतं, आणि लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर झाला तर बऱ्याच वेळा पुन्हा सुरू होतं. हजारात, कधी लाखात जातं. बारकीचं आलं 3.1.

मित्र म्हणाला, "झालं की. सुटलास." माझा हात मात्र पिपेटवरून निघेना. कारण एक चकवा आम्हा लॅबवाल्यांना माहीत असतो. एएफपी भयंकर जास्त असेल तर मशीन उलट कमी दाखवू शकतं. अँटिबॉडीच्या जोडीने तो पदार्थ दोन बाजूंनी पकडायचा असतो. माल इतका होतो की दोघींचे हात वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, जोडी जुळतच नाही, आणि पडद्यावर गरीब आकडा येतो. त्याला हूक इफेक्ट म्हणतात. उपाय सोपा: सिरम पातळ करून पुन्हा लावायचं. एकास दहा केलं. एकास शंभर केलं. दोन्ही कंट्रोल पुन्हा लावले. मित्र वैतागला, किटचे पैसे माझ्या नावावर लिहिले. आकडा खराच होता.

परत येताना एसटीत वाटलं, मी रिपोर्ट चुकायची वाट बघत होतो की काय. बरोबर आलेल्या आकड्याची भीती वाटायची ही पहिलीच वेळ.

3 ऑक्टोबर

सीटी झाला. तीन वेळा फोटो काढतात: औषध रोहिणीत असताना, मग पोर्टल व्हेनमध्ये, मग ओसरताना. रिपोर्टमध्ये लिहिलंय, गाठीच्या मध्यभागी चांदणीसारखा व्रण, बहुधा एफएनएच, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. एफएनएच ही साधी गाठ. तरुण बायकांत सापडते, कॅन्सर नाही, बहुतेकींना ऑपरेशनही लागत नाही.

अक्काने गणपतीला नारळ ठेवला. दाजींनी द्राक्षबागेच्या छाटणीच्या माणसांना फोन लावला.

मॅडमनी फिल्म खिडकीला धरली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेनाच्या टोकाने व्रणातला एक पांढरा ठिपका दाखवला. "हा चुना आहे. एफएनएचमध्ये असा क्वचित असतो. आणि ही इथली लसीकाग्रंथी बघ, जरा मोठीच वाटते." पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सहा महिने थांबू नका. मुंबईला जा."

रिपोर्ट लिहिणाऱ्यावर राग काढावासा वाटला. पण एकोणीस वर्षांची मुलगी, लिव्हर धडधाकट, काविळीची लागण नाही, एएफपी 3.1. असा कागद समोर आला असता तर मी काय वेगळं लिहिलं असतं? 23 तारखेला लिहिलंच होतं की.

10 ऑक्टोबर, मुंबई

काल रात्री सांगलीहून महालक्ष्मी धरली, पहाटे दादर. धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत सामान फाटकापाशी. गाडगे महाराजांच्या या धर्मशाळेत निम्मा महाराष्ट्र भेटतो. शेजारच्या कॉटवर परभणीचे आजोबा, त्यांच्यापलीकडे धुळ्याचं जोडपं, मांडीवर पाच वर्षांचं पोर. कोण कुठल्या रोगाचं ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं, नावं नंतर.

आज हॉस्पिटलात एमआरआय. सर्जननी संध्याकाळी पडद्यावर दाखवला. मध्यभागचा व्रण एफएनएचमध्ये टी-टू चित्रात पांढरा उजळतो, आमचा काळाकुट्ट. शिवाय एक खास औषध टोचलं होतं, जे चांगल्या लिव्हरपेशी पिऊन ठेवतात. एफएनएचच्या गाठीत पेशी लिव्हरच्याच, त्यामुळे तीही ते धरून ठेवते. ही गाठ वीस मिनिटांनी अंधारी राहिली, भोवतीची सगळी लिव्हर उजळली.

"बायोप्सी करू," ते म्हणाले. दाजींनी विचारलं, सुई घातल्यावर पसरतंय म्हणतात, खरं का. सर्जननी ते झटकून टाकलं नाही. म्हणाले, तो धोका अगदी थोडा असतो, पण असतो. चित्र स्वच्छ असतं तर सुई न घालता थेट काढली असती. इथे एक रिपोर्ट साधी गाठ म्हणतो, आम्ही तसं म्हणत नाही. एवढं मोठं ऑपरेशन अंदाजावर करायचं नाही.

12 ऑक्टोबर

बायोप्सी. सोनोग्राफीवर बघत सुई. मी आत नव्हतो, पण फॉर्मालिनची बाटली लॅबला पोचवायला माझ्याच हातात दिली. दोन तुकडे, शेवयांसारखे, दीड-दीड सेंटिमीटर. तळाशी बसले होते. जिना उतरताना बाटली हलू देत नव्हतो, जसं काही त्यांना लागलं असतं.

14 ऑक्टोबर

गावाकडून अक्काच्या जावेचा फोन. चौकशी झाली, मग आवाज खाली करून, "लिव्हर म्हंजे... पोरगी हॉस्टेलला काय घेत-बित होती का?" अक्काने फोन माझ्या हातात दिला आणि जिन्यात जाऊन बसली. मी जावेला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दारू, बी आणि सी कावीळ, सिरॉसिस, साठवणीतल्या धान्यावरच्या बुरशीचं विष: लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरची कारणं ही. यातलं एकही इथे नाही. दाजींना तरी ते पटत नाही. रात्री धर्मशाळेच्या गच्चीवर म्हणाले, "फवारणीचा ब्लोअर फिरवताना ती शेडमध्ये अभ्यास करत बसायची. मीच बस म्हणायचो, वारं लागतंय तिथं." मी सांगितलं, सर्जनना विचारू. पण माणूस ऐकण्यापलीकडे गेला होता.

17 ऑक्टोबर

मी टेक्निशियन आहे कळल्यावर हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी बोलावून घेतलं. दोन माणसं एकदम बघतात तसला मायक्रोस्कोप. "या, बसा. स्लाईड बघायला तुम्हाला कशाला चिठ्ठी लागते?"

आयुष्यभर रक्ताचे स्मिअर बघितले, टिश्यू फार नाही. पण हे विसरणार नाही. पेशी मोठ्या, अनेक कोनांच्या, पोट गुलाबी रव्यासारखं दाणेदार. सर म्हणाले, त्या रव्यातला बहुतेक माल म्हणजे मायटोकाँड्रिया. केंद्रात एकेक ठसठशीत ठिपका. काही पेशींत फिकट गोल, पाण्याच्या थेंबासारखे. आणि पेशींच्या झुबक्यांमधून तंतूंचे पट्टे, एकाला एक समांतर, नांगराच्या तासांसारखे. कुणीतरी शिस्तीत रान नांगरून ठेवावं तसे. इतकं देखणं काही स्लाईडवर बघितलं की तोंडून 'वा' निघतं. निघालंच. मग जीभ चावली.

"फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा," ते म्हणाले. त्या पट्ट्यांवरूनच नाव. सीके सेव्हन आणि सीडी सिक्स्टीएट हे दोन डाग लावलेत, दोन्ही पॉझिटिव्ह, शंका उरली नाही. जनुकाची फिश तपासणीही पाठवतायत. लिव्हरच्या शंभर कॅन्सरांत असा एखादा. मुलं आणि तरुण माणसं, मुलगे-मुली सारखेच. लिव्हर आधी निरोगी. एएफपी बहुतेकांत नॉर्मल.

"म्हणजे माझा रिपोर्ट बरोबर होता," मी म्हटलं.

"तुमचा रिपोर्ट या रोगाचं लक्षण होतं."

रात्र. अक्काचा हट्ट, पोरीला सांगायचं नाही. गाठ आहे, काढायची आहे, एवढंच. मी हो म्हटलं. मोठ्या बहिणीपुढे माझं काय चालतंय.

18 ऑक्टोबर

पोरीला कालच कळलं होतं. माझ्या हातातल्या फाईलच्या कव्हरवरचे दोन शब्द तिने वाचले आणि रात्रभर पांघरुणात फोन. सकाळी चहा घेताना माझ्याकडे बघत, "मामा, नाव तरी चांगलं लांबलचक आहे." अक्का गप्प. मग दोघी मायलेकी रडल्या. मी पावाची लादी आणायला गेलो, दोन गल्ल्या उगाच जास्त फिरून आलो.

आल्यावर तिने मलाच शिकवलं. एडमंडसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने 1956 साली ही गाठ पहिल्यांदा लिहून ठेवली. पेशंट चौदा वर्षांची मुलगी. त्यानंतर कित्येक वर्षं तिचं कारण कुणाला सापडेना. अमेरिकेतली एलाना सायमन, तिला बाराव्या वर्षी हाच रोग. ऑपरेशन झालं, बरी झाली, आणि शाळेत असतानाच वडिलांच्या, म्हणजे रॉकफेलर विद्यापीठातल्या सँफर्ड सायमन यांच्या प्रयोगशाळेत या गाठींचं जनुकवाचन करायला बसली. 2014 साली 'सायन्स'मध्ये शोध छापून आला. तपासल्या पंधराच्या पंधरा गाठींत तीच एक मोडतोड: एकोणिसाव्या गुणसूत्रातला चारेक लाख अक्षरांचा तुकडा गळतो, आणि दोन टोकांची दोन जनुकं, डीएनएजेबीवन आणि पीआरकेएसीए, एकमेकांना चिकटतात. त्यातून जे प्रथिन बनतं ते पेशीला वाढ म्हणत राहतं, थांब म्हणणारं कुणी उरत नाही.

"मी एकोणीस वर्षांची, गुणसूत्र पण एकोणिसावं," म्हणाली. असले विनोद तिला कुठून सुचतात.

20 ऑक्टोबर

ट्युमर बोर्ड झाला. छातीचा सीटी स्वच्छ. यकृताच्या रोहिणीजवळच्या दोन ग्रंथींवर संशय. निर्णय: ऑपरेशन. केमोचा या गाठीवर भरवसा नाही. पूर्ण काढता येत असेल तर काढणं हाच खरा उपचार.

सर्जननी फाईलच्या पाठीवर पेनाने लिव्हर काढली. कुईनो नावाच्या फ्रेंच माणसाने पाडलेले आठ भाग. प्रत्येकाची रक्ताची नळी वेगळी, पित्ताची वेगळी. म्हणून तर कापता येते. बारकीचे दोन, तीन आणि चार काढायचे, म्हणजे डावी बाजू अख्खी. शिवाय त्या ग्रंथी. सीटीवरून मोजमाप करून ठेवलंय: उरणारी लिव्हर 66 टक्के. निरोगी लिव्हरचा पंचवीस-तीस टक्के भाग उरला तरी माणूस तरतो, सिरॉसिस असता तर चाळीसही पुरले असते की नाही शंका.

इथे मी थबकलो. महिनाभर ज्या निरोगी लिव्हरवर मी चिडून होतो, जिने सगळे आकडे गोड लिहून दिले आणि गाठ लपवली, तिच्याच जोरावर उद्या सुरी चालणार.

दाजींनी फवारणीचं विचारलं. सर्जन म्हणाले, "याचं कारण माहीत नाही. फवारणीशी संबंध दिसलेला नाही. आईबापांकडून येत नाही, ही मोडतोड गाठीच्या पेशींतच होते." दाजींनी मान हलवली. मग घसा खाकरून, अगदी गंभीर चेहऱ्याने, "साहेब, छाटताना डोळे किती ठेवता?"

सर्जन माझ्याकडे बघायला लागले. मी समजावलं: द्राक्षाच्या काडीवर छाटणी करताना किती डोळे राखायचे ते आधी ठरतं, फूट तिथूनच येते. ते हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "वेलीसारखी नवी फूट येत नाही. डावा भाग गेला तो गेला. उरलेला उजवाच फुगतो, भरतो. पण पाणी, अन्न नेणाऱ्या नळ्या शाबूत पाहिजेत. आत जाणाऱ्या, आणि बाहेर पडणाऱ्याही." दाजी म्हणाले, "म्हंजे खोड जपायचं." "हां. खोड जपायचं."

24 ऑक्टोबर

दसरा. दाजी कालच गावी गेले. छाटणी थांबवून चालत नाही, दोन एकराची छाटणी झालीय, डोळ्यांना पेस्ट लावायची राहिलीय. ऑपरेशनच्या आदल्या रात्री येतील. येताना रक्तदानाला चार पोरं आणणार आहेत.

सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर आज सुट्टी. रेशनकार्डाची झेरॉक्स तिसऱ्यांदा काढली.

27 ऑक्टोबर

सकाळी सातला आत नेलं. केस दोन वेण्यांत बांधलेले. अक्काने कपाळावर अंगारा लावला, नर्सने पुसला.

एक वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. 'पेशंटचे नातेवाईक?' सर्जनचे सहकारी, हातात स्टीलचा ट्रे, वर हिरवं कापड. अक्का मागे सरकली. दाजी आणि मी पुढे.

कापड बाजूला केलं. लिव्हरचा रंग मला माहीत आहे, खाटकाच्या दुकानातला. तो काठाला होताच, तुळतुळीत, गर्द. आणि त्यातून वर आलेला फिकट तपकिरी उंचवटा, मातीच्या ढेकळासारखा, वर बारीक शिरा. एका बाजूने चिरून ठेवलेला. आत पांढरा व्रण, मधोमध, चहूकडे फाटे. सीटीवर चांदणी म्हणाले होते, अगदी तशीच चांदणी. पेनाच्या टोकाएवढा कडक भाग होता, तो मॅडमनी दाखवलेला चुना असणार. दाजींनी विचारलं, "हात लावू?" ते नाही म्हणाले.

संध्याकाळी सर्जन भेटले. साडेपाच तास. रक्त 400 मिली गेलं, एकही बाटली चढवावी लागली नाही. हे कसं जमतं ते मी खोदून विचारलं. भूलतज्ज्ञ सलाईन मुद्दाम आवरतं घेतात, मोठ्या शिरेतला दाब खाली ठेवतात, म्हणजे लिव्हरच्या शिरा फुगत नाहीत. डाव्या बाजूची रोहिणी आणि पोर्टल व्हेन बांधली की पृष्ठभागावर एक रेघ उमटते: इकडची बाजू तांबूस, तिकडची काळवंडलेली. सुरी त्या रेघेने जाते. लिव्हरवरच सोनोग्राफी ठेवून आतली मधली शीर बघत राहायची, ती उजव्या भागाचीही असते. कापायला एक यंत्र, ध्वनिलहरींनी मऊ पेशी फोडून ओढून घेतं, नळ्या तशाच ताणून राहतात, मग एकेक क्लिप, एकेक टाका. मधूनमधून पंधरा मिनिटं येणारं सगळं रक्त चिमट्याने अडवायचं, पाच मिनिटं सोडायचं. ही युक्ती प्रिंगल नावाच्या ग्लासगोच्या सर्जनची, 1908 सालची.

चिमटा पंधरा मिनिटं. त्या वेळी मी खाली कँटीनच्या रांगेत बटाटेवड्याचे सुटे पैसे मोजत असणार.

29 ऑक्टोबर

आयसीयूतून आकडे मागून घेतले. एसजीपीटी 412. बिलिरुबिन 2.3. आयएनआर 1.5. फॉस्फरस 1.7.

माझ्या लॅबमध्ये असा कागद निघाला असता तर मी मॅडमना झोपेतून उठवलं असतं. आयसीयूच्या डॉक्टर बाई मात्र निवांत. कापाकापीने एन्झाइम वाढतात, दोन-चार दिवसांत उतरतील. फॉस्फरस उतरलेलाच बरा म्हणाल्या, लिव्हर मोठी काढली की तो पडतोच. नव्या पेशी बांधायला तो लागतो आणि लघवीतूनही जातो. सलाईनमधून भरतायत.

आमच्या रजिस्टरला रेंजबाहेरचा आकडा लाल पेनाने गोल करायची पद्धत आहे. हा अख्खा कागद लाल झाला असता.

1 नोव्हेंबर

ड्रेनचं पाणी सकाळपासून बदललं. आधी लालसर होतं, आता शेवाळी. मी काही बोललो नाही, रंग ओळखला होता. पित्त. दुपारी त्यातलं बिलिरुबिन तपासलं: रक्तातल्यापेक्षा सातपट. तिपटीच्या वर गेलं की गळती म्हणायची. कापलेल्या काठावरची एखादी बारीक नळी उघडी राहिली असणार. ताप नाही, पोट मऊ. "ड्रेन चालू ठेवू, बहुतेक आपोआप मिटतं," सर्जन म्हणाले. अक्काने विचारलं, परत उघडावं लागंल का? "शक्यता कमी." ते 'नाही' म्हणाले नाहीत. एव्हाना मला या माणसाची ही सवय आवडायला लागलीय.

रोज सकाळी ड्रेनच्या पिशवीचं मोजमाप: 180. 150. 90.

5 नोव्हेंबर

30 मिली. फिकट. बारकीने वॉर्डातल्या वरणभाताला नावं ठेवली.

8 नोव्हेंबर

अंतिम रिपोर्ट. गाठ 10.5 सेंटिमीटर. कापलेल्या कडेपासून 1.2 सेंटिमीटर आत, म्हणजे कडा मोकळी. फिश पॉझिटिव्ह, तीच मोडतोड. ग्रंथी सात काढल्या, एकीत रोग.

एकीत.

या गाठीला ग्रंथींची वाट फार लवकर सापडते, म्हणून तर त्या काढल्या. आता पुढे काय? सर्जन म्हणाले, वर आणखी औषध देऊन फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून देत नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅन. ही गाठ बरीच वेळा परत येते. आली तर पुन्हा काढता येते का ते बघतात. दाजींनी हे सगळं हाताची घडी घालून ऐकलं आणि शेवटी, "बरं," एवढंच.

मी रक्ताच्या तपासणीचं विचारलं. एएफपी दर महिन्याला केली तर? उत्तर मला माहीत होतं. जी आधीच नॉर्मल होती ती रोग परतल्याचं काय सांगणार. माझ्या पिपेटला या रोगात काम नाही.

रिपोर्टच्या शेवटी उरलेल्या लिव्हरबद्दल एक ओळ. सरांनी ती मला बोटाने दाखवली: 'अनरिमार्केबल'. सांगण्यासारखं काही नाही.

12 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन धर्मशाळेत. परभणीच्या आजोबांनी पणत्या आणल्या. धुळ्याचं जोडपं परवाच गेलं, कॉट रिकामी आहे. कुणी काही विचारलं नाही. ड्रेन काल काढला. बारकी भिंतीला धरून जिन्यापर्यंत आली, टाक्यांवर उशी दाबून. फटाक्याचा आवाज झाला की उशी घट्ट. पाडव्याला निघू.

5 फेब्रुवारी 2024, तासगाव

परवा मुंबईहून आलो. पहिला स्कॅन स्वच्छ. उजवा भाग फुगून आधीच्या अख्ख्या लिव्हरच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलाय. आकार बदललाय, जागा मिळेल तशी पसरलीय. पडद्यावर मी डाव्या भागाच्या जागेकडे बघत राहिलो, तिथे आता जठर आहे. दाजींनी गाडीत टक्क्यांचा हिशोब तीनदा करून घेतला. बागेत मण्यात पाणी उतरून आठवडा झालाय, मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल निघेल. व्यापारी अजून भाव बोलायला तयार नाही. पुढचा स्कॅन मेमध्ये.

आज बारकी लॅबमध्ये आली. कॉलेजात हजेरीचा घोळ झालाय, त्यासाठी सर्टिफिकेट हवं होतं. म्हणाली, मामा, आलेच आहे तर हिमोग्लोबिन तरी बघ. शीर पहिल्या खेपेला सापडली. जखमेची रेघ झग्यातून दिसत नाही, पण वाकताना हात आपोआप पोटाशी जातो.

रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात सवयीने 19.

"वीस," ती म्हणाली. "जानेवारीत झाले." आणि मी खोडेपर्यंत कापसाचा बोळा दंडाशी धरून उभी राहिली.